लोहमार्गालगतचा न शिकवलेला धडा

मुंबईहून सकाळी निघालेली कोयना एक्स्प्रेस दुपार कलता कलता सातारा मागे टाकते आणि कृष्णेच्या खोऱ्यातून मिरजेची वाट धरते. खिडकीपाशी बसलेल्या चौकस प्रवाशाला या वाटेवर एक गोष्ट सहज जाणवते. कराडचे स्थानक येते ते ओगलेवाडीत. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एके काळी ज्याचा उजेड पडे, त्या 'प्रभाकर' कंदिलाचे हे गाव. पुढे किर्लोस्करवाडी लागते. नांगर, उसाचा चरक आणि पंप यांच्या जोरावर या वाडीने साऱ्या देशात नाव कमावले. तेथून जवळच भिलवडी आहे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाच्या व्यवसायाला आरंभ केला तो येथे. मग येते हळदीच्या पेठेची सांगली. साताऱ्याजवळच्या सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच यंत्रांचा आवाज घुमवला होता. हेच कूपर पुढे १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. एका लोहमार्गालगत, काही तासांच्या प्रवासात, उद्योगाचा एवढा मोठा इतिहास उभा आहे. तो एकाच मातीतला आहे, कारण १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा असे होते.

आता याच मार्गालगतच्या एखाद्या माध्यमिक शाळेत डोकवावे. दहावीच्या गणिताच्या पुस्तकात २०१८ पासून 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे. वस्तू व सेवा कर कसा काढावा, समभागांवरचा परतावा कसा मोजावा, याची उदाहरणे विद्यार्थी सोडवतो आणि गुणही मिळवतो. परंतु घरच्या उसाचा एक टन पिकवायला किती खर्च आला, हे त्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगता येत नाही. वडिलांच्या दुकानातली उधारी किती दिवसांत वसूल होते, हे दुकानदाराच्या मुलीला ठाऊक नसते. पुस्तकातल्या व्यापाऱ्याचा कर तिला अचूक काढता येतो. घरच्या वहीतले पान मात्र तिने कधी उघडलेले नसते. उद्योग आणि व्यवसाय हा विषय आपल्या बहुसंख्य शाळांतून दहावीपर्यंत येतच नाही. अकरावीत तो येतो, पण एकाच शाखेपुरता, आणि तोही व्याख्या आणि मुद्दे होऊन. ज्याने विज्ञान वा कला शाखा निवडली, त्याचा या विषयाशी संबंध आयुष्यभरासाठी तुटतो. कला शाखेतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आमच्या पिढीतील कित्येकांनी ताळेबंद नावाची वस्तू प्रथम पाहिली ती नोकरी लागल्यानंतर!

उद्योजकता ही शिकवून येते काय, ती रक्तातच असावी लागते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मराठी माणसाच्या बाबतीत तर तो अधिकच आत्मविश्वासाने घेतला जातो. या समजुतीचे उत्तर याच लोहमार्गालगत मिळते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे व्यापाऱ्याच्या घराण्यातले नव्हते. १८६९ साली जन्मलेल्या या मुलाला पुस्तकी शाळेची गोडी नव्हती. चित्रकलेच्या ओढीने तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे रंगांमधील भेद आपल्याला नीट कळत नाही असे ध्यानात आल्यावर तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला. व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्याने शिक्षकी केली आणि पुढे बेळगावला सायकलींचे दुकान थाटले. कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. तो नांगर बराच काळ पडून राहिला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची भावना होती. माल उत्तम आहे, पण गिऱ्हाईक नाही, या अवस्थेत कारखानदाराने काय करावे? लक्ष्मणराव चिकाटीने शेतकऱ्याची समजूत पटवत राहिले. बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर त्यांना थारा दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचा माल आणि कारखान्याचा विचार ते घरोघर घेऊन गेले, आणि त्यातूनच मराठीतील एक प्रतिष्ठित मासिक उभे राहिले. उत्पादन, गिऱ्हाइकाची मानसिकता, जागेची निवड, भांडवल आणि जाहिरात ही वाणिज्याच्या पुस्तकातली सारी प्रकरणे या एका वाडीच्या चरित्रात आहेत. तरीही त्या वाडीच्या पंचक्रोशीतील शाळेत ती एक कथा म्हणून, फार तर स्नेहसंमेलनातील भाषणापुरती सांगितली जाते. अभ्यासाचा विषय म्हणून ती कोणी शिकवत नाही.

या कारखानदारीला त्या काळच्या स्वदेशीच्या लाटेचे बळ होते, याचे येथे स्मरण ठेवले पाहिजे. परदेशी कापडाची होळी करणे हा स्वदेशीचा एक भाग होता. आपली काच, आपला नांगर, आपला कंदील आपण करून दाखवणे हा त्याहून अवघड भाग होता. होळीला एक संध्याकाळ पुरते. काचेची भट्टी वर्षानुवर्षे तापती ठेवावी लागते. आज आपण स्वदेशीचा उच्चार सभासंमेलनांतून करतो आणि आपल्याच मुलाला उत्पादक होण्याच्या वाटेवरून परत फिरवतो. ही विसंगती आपल्याला बोचत कशी नाही?

शाळा आणि कारखाना यांचे नाते ज्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष जुळले, असा एक थोर शिक्षणपुरुष याच भूमीत होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु शिक्षणकार्याला वाहून घेण्यापूर्वी भाऊरावांनी ओगल्यांच्या काचसामानाची विक्री केली, किर्लोस्करांच्या नांगरासाठी गावोगाव पायपीट केली आणि कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही हातभार लावला, याची आठवण क्वचितच काढली जाते. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याला वस्तूचा उपयोग पटवून देणारा हा विक्रेता होता. शेतकऱ्याची गरज, त्याची ऐपत आणि त्याची भीती त्याने जवळून पाहिली होती. मॅट्रिकच्या परीक्षेची मोहोर नसलेल्या या माणसाने पुढे 'स्वावलंबी शिक्षण' हे आपल्या संस्थेचे ब्रीद केले आणि 'कमवा व शिका' ही योजना राबवली. वसतिगृहातील मुले शेतात राबली, आपली भाकरी आपल्या श्रमाची आहे या जाणिवेने शिकली. श्रम आणि शिक्षण यांची फारकत करणारी व्यवस्था भाऊरावांना मान्य नव्हती, कारण त्यांनी दोन्ही बाजू स्वतः पाहिल्या होत्या.

योगायोग असा की, त्याच १९१९ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे 'ज्युनिअर अचीव्हमेंट' ही संस्था स्थापन झाली. शाळकरी मुलांनी एकत्र येऊन छोटी कंपनी काढायची, वस्तू तयार करून विकायची, हिशेब ठेवायचे आणि नफा-तोटा वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत पुढे जगभर पसरली. कालेचा प्रयोग अन्नापासून सुरू झाला आणि स्प्रिंगफील्डचा बाजारापासून. पण करून शिकावे, हे सूत्र दोन्हीकडे एकच होते. आपण भाऊरावांचे पुतळे उभारले, शाळांना त्यांचे नाव दिले. त्यांच्या सूत्राला मात्र आपल्या वेळापत्रकात कार्यानुभवाच्या एका तासिकेपुरतीच जागा उरली, आणि तीही परीक्षा जवळ आली की गणिताच्या जादा तासाला बहाल केली जाते. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात कार्यानुभवाचा केवढा आग्रह धरला होता! त्याचे आपण काय केले, हे कोणत्याही शाळेतील कार्यानुभवाची वही उघडून पाहावे.

शाळेने हा विषय टाकून दिला म्हणून समाज थांबला नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या अवर्षणग्रस्त भागाकडे पाहावे. पावसाने पाठ फिरवलेल्या या गावांतील माणसे सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा व्यवसाय घेऊन देशभर पसरली. तामिळनाडू-केरळापासून पंजाब, बंगाल, आसामपर्यंत सराफी पेठेच्या एखाद्या गल्लीत विटा-आटपाडीकडचे आडनाव असलेला मराठी माणूस भट्टीपाशी बसलेला भेटतो. या व्यवसायाला ना विद्यापीठ, ना अभ्यासक्रम. गावाकडचा मुलगा काकाच्या वा मामाच्या दुकानात जातो. मूस कशी धरावी, टंच कसा काढावा, कोणावर किती विश्वास टाकावा, हे पाहत पाहत शिकतो. वर्षा-दोन वर्षांत तमिळ वा मल्याळम बोलू लागतो. दुसऱ्याचे सोने हाती घेऊन बसणाऱ्याला शब्द पाळावाच लागतो, कारण एकदा गेलेली पत त्या गल्लीत पुन्हा मिळत नाही. मराठी माणसाला धंदा जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा विट्याला जाऊन यावे.

मात्र या चित्राचे नुसते कौतुक करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या मुलांपैकी कित्येकांची शाळा अर्ध्यावर सुटली. त्यांना धंदा आला, पण धंद्याभोवतीचा कायदा, कराची विवरणे, नोंदींची शिस्त, आम्लाच्या वाफांपासून आरोग्याचे रक्षण हे कोणी शिकवले नाही. विकत घेतलेले सोने चोरीचे निघाले तर होणाऱ्या पोलिसी चौकशीचा धाक या व्यावसायिकांच्या मानेवर सदैव असतो. अशा वेळी नीट ठेवलेली एक वही माणसाला वाचवू शकते. म्हणजे एकीकडे शाळा सोडून धंदा शिकलेला मुलगा आणि दुसरीकडे धंद्याचा वाराही न लागता शाळा पुरी केलेला मुलगा, अशी एकाच गावातील दोन भावंडांची वाटणी आपण करून ठेवली आहे. पहिल्याला विद्या मिळाली नाही, दुसऱ्याला व्यवहार मिळाला नाही. माध्यमिक शाळेत उद्योगाचे शिक्षण हवे, असे आम्ही म्हणतो ते ही वाटणी मिटावी म्हणून.

याच प्रश्नाची दुसरी बाजू सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात दिसते. म्हसवड येथे १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका अक्षरे गिरवू लागल्या. आणि व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी येतो, तो करून दाखवतो, असे त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगितले. बँक झाली आणि पुढे याच परिवाराने ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशिक्षणाची शाळाही काढली. बसमध्ये बसवलेली ही शाळा गावोगाव फिरली. शेळ्या राखणारी, भाजी विकणारी, शिवणकाम करणारी बाई त्या बसमध्ये चढून किंमत कशी ठरवावी, बचत आणि भांडवल यांत काय भेद आहे, हे शिकली. या कार्याला मनापासून दाद द्यावी तेवढी थोडीच. परंतु त्याच वेळी मनात प्रश्न येतो की, चाळिशीतील बाईला जे बसमध्ये बसून शिकावे लागले, ते तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला गावच्या शाळेतील बाकावर बसून का शिकता येऊ नये?

आता शासनाचे धोरण या दिशेने वळू लागले आहे, हे मान्य करायला हवे. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवसांचा दप्तराविना कालखंड सुचवला. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन काम पाहावे, करावे, अशी कल्पना आहे. त्याच धोरणात एक बोलका आकडा आहे. १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहूनही कमी, असे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळचे अनुमान होते. जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे तेथे नोंदवले आहे. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१९ साली नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा वेगळा अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०२१ साली अकरावी-बारावीच्या मुलांना छोटा धंदा करून पाहण्यासाठी प्रत्येकी दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देण्यात आले. पक्ष कोणताही असो, मुलाच्या हाती भांडवल देऊन त्याचा हिशेब मागण्याची कल्पना अभ्यासण्याजोगी आहे.

तथापि दूर कशाला जावे? पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीसाठी महाराष्ट्रातील अनेक शाळांत गेला. जोडकाम, वीज, शेती, आरोग्य यांतील कामे मुले हाताने करतात आणि गावातील लोकांना त्याची सेवाही देतात. वस्तू करताना किती माल लागला, किती मजुरी पडली, याचा खर्च मुले काढतात. उद्योगशिक्षणाचा पाया मराठी शाळेत, मराठी भाषेत घालता येतो, हे येथे सिद्ध झालेले आहे.

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे आणि चर्मकाराच्या मुलाने चर्मकार, असा तिचा अर्थ लोकांनी काढला आणि त्या विरोधापुढे पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. हा विरोध समजून घेतला पाहिजे. उद्योगशिक्षण म्हणजे गरिबाच्या मुलाला हातोडी आणि साहेबाच्या मुलाला संगणक, असे झाले तर तो समाजद्रोह ठरेल. समरस समाजाची भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर याबाबत अधिक जागरूक असावे. हा विषय शिकायचा तर वर्गातील प्रत्येकाने शिकायचा. डॉक्टरच्या मुलीने हळदीचा सौदा पाहावा आणि हमालाच्या मुलाने ताळेबंद वाचावा, असेच त्याचे रूप हवे.

मग शिकवायचे काय? जाडजूड पुस्तक काढून उद्योजकाची दहा लक्षणे पाठ करवून घेतली तर या विषयाचीही कार्यानुभवासारखीच गत होईल. दोन्ही जिल्ह्यांत पुस्तक उघडेच पडले आहे. ज्या शाळेभोवती ऊस आहे, तेथील नववीच्या वर्गाने एका टनाचा उत्पादनखर्च काढावा. बेणे, खत, पाणी, वीज, मजुरी यांबरोबरच आई-वडिलांच्या श्रमाचेही मोल त्यात धरावे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. तेवढे दिवस अडकलेला पैसा कोठून येतो आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज किती होते, हे मांडले की खेळते भांडवल म्हणजे काय याची व्याख्या पाठ करावी लागत नाही. तासगावच्या मुलांनी बेदाण्याच्या सौद्यात एक दिवस उभे राहावे. रंगाने आणि प्रतवारीने भाव कसा बदलतो, अडत कोणाकडून आणि कशाबद्दल घेतली जाते, माल आज विकावा की शीतगृहात ठेवावा, हे शेतकरी कशावरून ठरवतो? मुलांनी हे विचारावे आणि लिहून आणावे. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या वर्गाने स्ट्रॉबेरी ताजी विकणे आणि तिचा जाम करून विकणे यांतील फरक कागदावर मांडावा.

सांगलीच्या शाळांनी तर महापुराचा धडा शिकवावा. हरिपूरच्या भूमिगत पेवांतून हळद साठवण्याची पिढ्यानपिढ्यांची पद्धत होती. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. २०१९ च्या पुरात सांगलीच्या पेठेतील दुकाने पाण्याखाली गेली. कोणाचा विमा होता, कोणाचा नव्हता, माल वरच्या मजल्यावर वेळेत कोणी हलवला, पुन्हा दुकान उघडायला भांडवल कोठून आणले, हे त्या दुकानदारांच्या तोंडून ऐकलेला विद्यार्थी जोखीम हा शब्द जन्मात विसरणार नाही. शाळेने यशाबरोबर अपयशही शिकवावे. ओगल्यांच्या कंदिलाने घरोघर उजेड दिला. मग गावोगाव वीज आली आणि कंदिलाची गरजच सरत गेली. काळ बदलतो तेव्हा उत्तम माल करणारा कारखानाही अडचणीत कसा येतो, याहून मोलाचा धडा दुसरा कोणता असेल?

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेतच वह्या-पेन्सिलींचे छोटे भांडार असावे, ते नववीच्या मुलांनी चालवावे. घाऊक बाजारातून माल आणावा, रोजची रोकडवही लिहावी, महिनाअखेर शिल्लक मोजावी आणि तूट आली तर ती का आली याचा शोध घ्यावा. आठ आण्यांची चूक असली तरी ती सापडेपर्यंत वही मिटू नये. हिशेबातला प्रामाणिकपणा हा नीतिशिक्षणाच्या तासाला सांगून येत नाही, तो रोकडवहीच्या शेवटच्या ओळीवर येतो. नफेखोरी आणि नफा यांतील सीमारेषाही तेथेच कळते. पहिलीच्या लहानग्याला दोन रुपये जास्त लावून विकलेली पेन्सिल हा नफा आहे की लूट, यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी.

शिक्षकांनी स्वतः कधी धंदा केलेला नाही, ते काय शिकवणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच शाळेची दारे गावाला उघडावी लागतील. निवृत्त बँक अधिकारी, सनदी लेखापाल, सहकारी संस्थेचा सचिव, सुट्टीत गावी आलेला गलाई व्यावसायिक, बचत गट चालवणारी गृहिणी, मोटार दुरुस्तीचे गॅरेज यशस्वी करणारा माजी विद्यार्थी हे सारे या विषयाचे अध्यापक आहेत. आमच्या वाचकांत आणि कार्यकर्त्यांत अशी माणसे मोठ्या संख्येने आहेत. आपल्यापैकी अनेकजण शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. आठवड्याला एक तास देणे त्यांना जड जाऊ नये. आदेशाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या शाळेत, आपल्या गावात, येत्या जूनपासून हे करता येईल.

शेवटचा प्रश्न शाळेला नसून आपल्याला, मध्यमवर्गीय घराला आहे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही आपल्या पूर्वजांची उतरंड आपण उलटी करून घेतली. मुलगी पाहायला गेलेल्या उद्योगी तरुणापेक्षा कारकुनाच्या पदावरील तरुणाचे स्थळ आपल्याला अधिक भरवशाचे वाटते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करण्यास आमचा मुळीच विरोध नाही. उत्तम प्रशासक देशाला हवेतच. परंतु मूठभर जागांसाठी पुण्याच्या अभ्यासिकांतून वर्षामागून वर्षे काढणारा आणि तिशी उलटल्यावर रिकाम्या हाताने गावी परतणारा मुलगा आपल्याही नात्यात आहे. तो परत येतो तेव्हा त्याला गुप्त साम्राज्यापासून पंचायत राजपर्यंत सारे तोंडपाठ असते. फक्त घरच्या चार एकरांचा किंवा वडिलांच्या दुकानाचा हिशेब त्याला येत नाही, आणि तो शिकण्याची आता त्याला लाज वाटते. ही लाज त्याच्या मनात आपणच पेरली. चौदाव्या वर्षी त्याने दुकानात बसतो म्हटले तेव्हा 'आधी अभ्यास कर' असे म्हणून त्याला उठवणारे आपणच होतो. दुकानात बसणे हाही अभ्यास आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

कोयना एक्स्प्रेस अजूनही रोज ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी, भिलवडीवरून धावते. त्या स्थानकांवरून शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले पाटीवरचे नाव रोज वाचतात. त्यांपैकी एकाला तरी या गावाचे नाव एका माणसाच्या आडनावावरून का पडले, असा प्रश्न पडावा आणि त्याचे उत्तर त्याला शाळेत मिळावे. ते उत्तर देण्याचे दायित्व आता आपल्यावर आहे.